चंदेरी कोल्ह्याच्या कोटासह माझ्या सर्व चीजवस्तूंची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, धुलाई दुकानाच्या मालकाची विधवा, शिक्षण मॅट्रिक पास, काम घरचे, राहणार दुकानाच्याच वरच्या मजल्यावर, असे लिहून ठेवते की माझे चित्त ठिकाणावर आहे, चष्म्याने नीट दिसते, आणि हा मजकूर माझ्याकडून कोणी धाकाने, लाडीगोडीने किंवा गोळ्या देऊन लिहून घेतलेला नाही. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आणायला वकीलसाहेबांनीच सांगितले. "बाई, तुमचं शेवटचं कलम वाचलं की कोर्ट आधी तुमचं डोकं तपासायला मागेल," असे ते म्हणाले. मी म्हटले, खुशाल तपासू दे. संसारभर दर महिन्याला जमाखर्चाचा मेळ घातला आहे. डोके फिरलेल्या बाईला ते जमत नाही.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही, देवावर आहे. आजारपण सोडले तर सकाळची प्रार्थना मी चुकवलेली नाही. तेव्हा खाली लिहिलेले घाबरट बाईची बडबड समजू नये. जे डोळ्यांनी पाहिले आणि कानांनी ऐकले, तेवढेच लिहिले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. हेच पहिले आणि हेच शेवटचे.

कलम १. माझ्या देहाबद्दल. माझ्यामागे वायफळ खर्च करू नये. फुले विकत आणू नयेत. जुन्या चादरींपैकी निळ्या काठाची चांगली आहे, ती वापरावी. वाद्य एकही वाजवू नये. या घरात जन्माला पुरेल एवढे वाजून झाले आहे. आणि माझ्या तोंडाला पावडरसुद्धा लावू नये. देवाने चेहरा दिला तसाच त्याला परत जावा.

कलम २. बँकेतली शिल्लक. ती माझ्या लेकीला द्यावी. तिचा संसार सुखाचा आहे, पण सुखी बाईच्याही हातात स्वतःचा पैसा असावा. त्यातला थोडा भाग आमच्या प्रार्थनास्थळाच्या दिवाबत्तीला जावा. किती, ते लेकीला तोंडी सांगितले आहे. ती विसरणार नाही, ती माझ्यावर गेली आहे. या मृत्युपत्राप्रमाणे सगळे पार पाडण्याचा अधिकारही तिलाच देते. मुलाला या शिलकेतले काही नाही. त्याचे वेगळे कलम आहे.

कलम ३. शिलाई मशीन. हेही लेकीला. पायडल थोडे जड चालते, तेल घालत राहावे. या मशीनवर मी मुलांचे कपडे शिवले, दुकानातली रफूची कामे केली, आणि "चंदेरी कोल्हे" या गाणाऱ्या टोळीचे सगळे झगमगीत कपडेही शिवले. हे शेवटचे बऱ्याच लोकांना ठाऊक नाही, आणि माझी कधी त्याबद्दल तक्रारही नव्हती. पण पुढच्या कलमांचा उलगडा व्हावा म्हणून ते इथे सांगावे लागते.

टोळी म्हणजे तिघेच. ड्रम वाजवणारे माझे यजमान, गाणारे त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे दीर, आणि गिटार वाजवणारा त्यांचा मित्र. तो लांब मानेचा आणि काटकुळ्या पायांचा, म्हणून त्याला सगळे बगळा म्हणत. दुकान बंद झाले की मागच्या खोलीत बॉयलरशेजारी यांची तालीम चाले. त्या काळी परदेशातून तसल्या रेकॉर्डी येऊ लागल्या होत्या. तोंडे रंगवलेले पुरुष, उंच टाचांचे बूट, अंगभर टिकल्या. यांना तेच हवे. देवाने माणसाचा जन्म दिला, आणि यांनी नाव काय घेतले तर कोल्हे!

कपडे करायला शिंप्याने जो भाव सांगितला, तो ऐकून यजमान मटकन खाली बसले. मग मी आमच्या न नेलेल्या कपड्यांचा दांडा दाखवला.

आमच्या दुकानाचा नियम सासऱ्यांनी घालून दिलेला आहे. कपडा टाकला की एका नंबरचे पत्र्याचे दोन बिल्ले काढायचे. एक गिऱ्हाइकाच्या हातात, दुसरा कपड्याला टाचलेला. बिल्ला परत आला की कपडा द्यायचा, आणणाऱ्याचे तोंड बघायचे नाही. साहेबाचा गडी येवो, नाहीतर भांडून निघून गेलेली बायको येवो, बिल्ला आला की कपडा गेला. आणि तीन वर्षे कोणी फिरकलेच नाही, तर कपडा दुकानाचा. असे कपडे मागच्या खोलीत एका दांड्यावर लटकत असत. त्यांची माणसे कुठे गेली, कोणाला ठाऊक.

दिरांनी त्यातला एक झगा उचलला. पांढऱ्या रेशमाचा, वर रुपेरी जर.

"वहिनी, हा कुणाचा हो?"

"एका नवरीचा. लग्नाआधी इस्त्रीला टाकला होता. नंतर आलीच नाही."

"लग्न मोडलं असेल बिचारीचं."

"असेल."

"मग आता माझ्याशी लागू द्या," म्हणाले, आणि अंगाला लावून आरशापुढे गिरकी घेतली.

त्या झग्याचा मी कोट केला. आतून कोणाच्या तरी रेनकोटाचे अस्तर, म्हणजे घाम लागून जर काळी पडू नये. बटणे एका बँडवाल्याच्या गणवेशाची. खर्च फक्त दोऱ्याचा.

चेहराही मीच रंगवी, कारण पुरुषांच्या हातात डबी दिली की आठवड्यात संपते. सगळ्या तोंडाला व्हॅसलिनमध्ये कालवलेला चंदेरी रंग, आणि त्यावर उजव्या डोळ्यापासून सुरू करून कानापर्यंत नेलेला लाल पट्टा, मग डावीकडे तसाच. रंग चढला की दिरांचे नाक, गालावरची देवीची खूण, काही म्हणजे काही दिसत नसे. माझे काम चोख होते. ते इतके चोख नसते तर बरे झाले असते, असे कधीकधी वाटते.

टोळी चालली. चालली कसली, उधळली. रेडिओवर गाणी लागली, रेकॉर्ड निघाली, मोठमोठी सभागृहे भरू लागली. शाळेतल्या मुली गालावर लाल पट्टे ओढून वर्गात बसत आणि शिक्षा भोगत. आमच्या रस्त्याच्या टोकाला भिंतभर कोल्ह्याचे तोंड रंगवले होते, आणि त्याच्याखालून दीर भाजीची पिशवी घेऊन जात, कोणी मान वर करून बघत नसे. हा वरचा मजला त्याच पैशातून बांधला. ते मी नाकारीत नाही. देवापुढे रोज कबूलही केले आहे.

कलम ४. बगळ्यास. त्याचा एक मोठा स्पीकर आमच्या माळ्यावर पडून आहे. तो त्याने स्वखर्चाने उतरवून न्यावा. उंच टाचांचे बूटही न्यावेत. टाचा मी बाटल्यांच्या बुचांच्या केल्या होत्या, अजून शाबूत आहेत. याखेरीज त्याला काहीही देऊ नये. माझी माफीसुद्धा.

कारण असे. दिरांना एकदा तरी उघड्या तोंडाने, म्हणजे रंग न लावता, गायचे होते. घरात रोज तोच विषय. बगळा म्हणे, "वेड लागलंय का तुला? मोराने पिसारा काढून नाचायचं?" यजमान म्हणत, बघू पुढे. शेवटी एका मोठ्या कार्यक्रमात, दोन गाण्यांच्या मधे, दीर पडद्यामागे माझ्याकडे आले. मी पाणी आणि टॉवेल घेऊन नेहमीसारखी उभी होते.

"ओला टॉवेल द्या, वहिनी."

दिला. घाम पुसायचा असेल असे वाटले. त्यांनी कसून तोंड पुसले, आणि तसेच दिव्यात जाऊन उभे राहिले.

पुढच्या रांगांतले लोक माना उंच करून बघू लागले. मग मागून कोणीतरी ओरडले, "ए, बाजूला हो रे! कोल्ह्याला पाठव!" लोक हसले. त्यांना वाटले, वायरी ओढणारा कोणी कामगार मधे आला आहे. दिरांनी गायला सुरुवात केली. आवाज तोच, शब्द तेच, अंगावर कोटही तोच. पण लोकांना तो आवाज ओळखू येईना. शिट्ट्या सुरू झाल्या, बाटली आली. बगळ्याने गिटार थांबवली. यजमानांनीही काठ्या मांडीवर ठेवल्या. सख्ख्या भावाने. दीर एकटेच दोन ओळी गायले आणि थांबले.

कपडे बदलायच्या खोलीत बगळा थयथयाट करीत होता. "लोकांनी तिकीट कोल्ह्याचं काढलंय, कळलं? तू कोण रे? तुला कोण ओळखतं?"

दीर त्याच्याशी बोललेच नाहीत. यजमानांकडे वळून म्हणाले, "दादा, तू तरी सांग याला, मी कोण ते."

यजमान ड्रमचे स्क्रू सोडवीत होते. ते सोडवतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दीर दुकानात आले ते गिऱ्हाइकाच्या बाजूने. घडी केलेला कोट काउंटरवर ठेवला.

"धुऊन ठेवा, वहिनी. येतो न्यायला."

"अहो, आत या. असं परक्यासारखं काय?"

"बिल्ला द्या," म्हणाले. "नियम तो नियम."

मी बिल्ला दिला. त्यांनी तो मुठीत घट्ट धरला, मला वाकून नमस्कार केला आणि गेले. दुकानातला निम्मा वाटा त्यांचा होता. तो कधी मागितला नाही, पत्ता कळवला नाही, जिवंत असल्याचा किंवा गेल्याचा निरोप नाही. यजमानांनी शोध केला, असे ते म्हणत. मी शोधाला निघालेले त्यांना पाहिले नाही.

कलम ५. यजमानांचे ड्रम. हे पलीकडच्या शाळेला द्यावेत. मागच्या खोलीत ते कापडाखाली झाकलेले आहेत. बॉयलरची वाफ सुटली की त्यातला छोटा ड्रम आपोआप थरथरतो. खालच्या तारा हवेने वाजतात, असे इस्त्रीवाला सांगतो, आणि तेच खरे असेल. पण अलीकडे बॉयलर थंड असताना, भर दुपारीही तो थरथरतो, आणि तालात थरथरतो. शाळेत मुलांच्या कलकलाटात ते कोणाच्या लक्षात येणार नाही.

कलम ६. कोट. हा माझा नाही, तेव्हा तो कोणाला देण्याचा अधिकार मला नाही. फक्त तो कोणाचा, ते लिहिते.

दीर गेल्यावर मी तो पेट्रोलने स्वच्छ केला आणि पिशवीत घालून टांगला. पुढच्या वर्षी झटकायला काढला, तर कॉलरच्या आत चंदेरी रंग. वाळलेला नव्हे, बोटाला लागेल असा. बाह्या कोपरात मुडपलेल्या, आत्ताच कोणी अंगातून काढल्यासारख्या. मला वाटले, आपल्याच हातून राहिला असेल. पुन्हा साफ केला. त्यापुढच्या वर्षी पुन्हा तेच. मग मी विचारणे सोडले आणि दर वर्षी निमूट साफ करीत राहिले. दांड्यावरचे बाकी कपडे तीन वर्षांनी दुकानाचे झाले, विकलेही गेले. हा मी विकू दिला नाही.

पुष्कळ वर्षांनी ती गाणी नव्या मुलांना आवडू लागली. कार्यक्रमांचा एक ठेकेदार घरी आला आणि म्हणाला, कोल्हे परत एकत्र आले तर पैसाच पैसा. बगळा तर आदल्या दिवसापासूनच येऊन बसला होता. डोक्याचे केस पांढरे, पण जीभ तीच.

मी म्हटले, "गाणारा कुठून आणणार?"

बगळा माझ्या मुलाकडे बघत होता. तो तेव्हा काउंटर सांभाळी. शांत, मितभाषी पोरगा. कपडे मोजताना गुणगुणायचा, आणि गळा थेट काकाचा.

"चेहरा रंगवला की झालं, वहिनी," बगळा म्हणाला. "आत कोण आहे, हे पहिल्यापासून कुणी विचारलंय?"

यजमान म्हणाले, "कोटाची तीन वर्षं कधीच उलटली. कोट दुकानाचा."

मुलगा म्हणाला, "एकदाच गं, आई. बाबांना बरं वाटेल."

मी रंग लावायला साफ नाही म्हटले. वाटले, त्यांना ते जमणार नाही आणि बेत मोडेल. मुलाने डबी घेतली, आरशापुढे बसला आणि स्वतः लावला. लाल पट्टा उजव्या डोळ्यापासून सुरू केला. त्याला ते कोणी शिकवले नव्हते. कोट अंगात घातला, तर खांद्यात एक टाकाही इकडेतिकडे करावा लागला नाही. तो आरशापुढून माझ्याकडे वळला आणि मी जुन्या सवयीने टॉवेल पुढे केला.

जाहिरातीत "कोल्हे परत आले" एवढेच लिहिले होते. लोकांना वाटले, तोच गाणारा. माझ्या वयाच्या बाया रडत होत्या. "वय म्हणून झालं नाही हो याचं!" म्हणत होत्या. एकीलाही शंका आली नाही.

त्याच महिन्यातली दुपार. यजमान काउंटरवर, मुलगा वर झोपलेला, मी मागे वाफेच्या इस्त्रीपाशी. बाहेरून आवाज आला.

"वहिनी आहेत का? कपडा न्यायचा होता."

तो आवाज मी कुठेही ओळखेन. हातातले टाकून मी पुढे आले. दाराची घंटी हलत होती. यजमान काउंटरला दोन्ही हात टेकून उभे, तोंडाचा रंग पार गेलेला.

"कोण होतं?"

"कोणी नाही."

"मग हे काय?"

काउंटरवर बिल्ला होता. कोटाला टाचलेल्या बिल्ल्याचाच नंबर. धातू गरम होता, मुठीत धरून आणल्यासारखा.

"जुन्या खणातून पडला असेल," यजमान म्हणाले. मग हळूच म्हणाले, "पुढचा कार्यक्रम ठरलाय गं. कोट आत्ता कसा देणार?"

सासऱ्यांच्या वेळेपासून आमच्या दुकानात बिल्ला आला आणि कपडा दिला नाही, असे त्या एकाच दिवशी झाले. त्यानंतर यजमान फार दिवस राहिले नाहीत.

म्हणून माझी सूचना अशी की, माझ्यामागे हा कोट दुकानाच्या पुढच्या दांड्यावर, तयार कपड्यांत टांगावा. धुलाईचे पैसे भरले असे समजावे. दार दिवसभर उघडे ठेवावे. न्यायला कोणी येईल त्याचे तोंड बघू नये, त्याला काही विचारू नये.

हे मी जिवंतपणीच का केले नाही? मुलगा कोट अंगावरून काढीत नाही.

कलम ७. दुकान आणि वरचे घर. हे कलम मी चार वेळा लिहून फाडले आहे.

बिल्ला आल्यानंतरच्या कार्यक्रमाहून मुलगा घरी आला, तेव्हा मोरीपाशी मी त्याच्या मानेचा रंग पुसत होते.

"जरा हळू, वहिनी," तो म्हणाला.

"काय म्हणालास?"

"काही नाही गं, आई. गंमत केली." तो हसला, पण माझ्याकडे न बघता.

मग एका सकाळी, तोंडाला रंग नसताना, जिन्यावरून हाक आली, "वहिनी, दुकान उघडू का?" मी धावत गेले. मुलगाच उभा होता, किल्ल्या हातात. मी त्याच्या बाळपणीच्या नावाने हाक मारली. तो मागे वळून बघू लागला, मी दुसऱ्याच कोणाला बोलावले असे समजून. यजमानांना जाऊन वर्ष होत आले असताना चहाला बसल्या बसल्या त्याने विचारले, "दादा उठला का?" माझ्या हातातली बशी फुटली. ती त्याने वाकून गोळा केली, अगदी दीर करीत तशी, मोठे तुकडे आधी.

लेकीने त्याला डॉक्टरांकडे नेले. थकवा आहे म्हणाले. बगळा म्हणतो, "भूमिकेत शिरलाय, चांगलंच आहे, आता मोठा दौरा काढू." कधीकधी माझा मुलगा परत येतो. भाजीत मीठ कमी आहे म्हणतो, माझे गुडघे चोळून देतो, आई म्हणतो. पण आता ते दिवस कमी होत चालले आहेत. दिरांवर माझा राग नाही. ते आपला कपडा न्यायला आले, आणि कपड्याच्या आत माझा मुलगा होता.

म्हणून दुकान आणि घर यांची व्यवस्था अशी. माझा देह घरात असताना, कोणी काही सांगण्यापूर्वी, मुलाला उघड्या तोंडाने माझ्याजवळ आणावे. माझ्या तोंडावरचे कापड त्यालाच दूर करू द्यावे. तो काय हाक मारतो, ते लेकीने जवळ उभे राहून ऐकावे. तो "आई" म्हणाला, तर दुकान आणि घर त्याचे. त्याने तिथे गुणगुणत कपडे मोजावेत, लग्न करावे, आणि पुन्हा कधी तोंड रंगवू नये.

तो "वहिनी" म्हणाला, तर दुकान आणि घर माझ्या दिरांना द्यावे.

वकीलसाहेबांनी इथे पेन खाली ठेवले. "बाई, दीर हयात आहेत का?"

"तेच तर तेव्हा कळेल," मी म्हटले.

"असं कलम टिकणार नाही."

"न टिको. तुम्ही लिहा."

तसे झाल्यास लेकीने मुलाला समोर बसवून पुढचा निरोप वाचून दाखवावा. आवाज चढवू नये. दिरांशी मी कधी वरच्या आवाजात बोललेले नाही.

"भावजी, दुकान घ्या, घर घ्या. तुमच्या वाट्याचं होतं ते आणि आमच्या वाट्याचं होतं तेही घ्या. त्या दिवशी तुमच्या दादांनी जे सांगितलं नाही, ते मी सांगते. तुम्ही माझे धाकटे दीर. डाव्या गालावर देवीची खूण, चहा फुंकून पिणारे, आणि माझ्या हातचं शिवलेलं आनंदानं घालणारे. कोल्हा नव्हे. मी तुम्हाला रंगाच्या आतूनही ओळखत होते. आता तुम्हाला कुणाचं तोंड लागत नाही. माझ्या लेकराचं त्याला परत द्या."

वरील सर्व मजकूर मी स्वतः सांगितला, वकीलसाहेबांनी लिहिला, मी वाचला आणि तो मला मान्य आहे.

ठिकाण : राहते घर, दुकानावरचा मजला
दिनांक : ९ मार्च, दुपार

सही : मृत्युपत्र करणारी

आम्ही दोघे साक्षीदार. बाईंनी आमच्यासमोर पूर्ण शुद्धीत सही केली आणि आम्ही त्यांच्यासमोर केली.

१. सही : दुकानातला इस्त्रीवाला
२. सही : शेजारच्या घरातल्या निवृत्त शिक्षिका